पाता रितचे पडदे: वस्तीने स्वतः काढलेल्या फोटोंच्या कामाच्या नोंदी

जागा आधी सांगते. रोमानियातल्या क्लुज-नापोका शहराच्या पूर्व कडेला पाता रित नावाचा भाग आहे. कित्येक दशकं शहराचा कचरा इथे पडत आला. जुना डेपो २०१५ मध्ये बंद झाला, पण त्याच परिसरात ‘तात्पुरत्या’ म्हणून नव्या जागा उघडल्या. या सगळ्याच्या कडेने चार वस्त्यांमध्ये सुमारे दीड हजार माणसं राहतात, बहुतेक रोमा (ज्यांना बाहेरचे ‘जिप्सी’ म्हणतात). डॅलस ही जुनी, टीव्ही मालिकेवरून टवाळीने नाव पडलेली. कांतोनुलुई रेल्वेरुळांलगत. तिसरी थेट डेपोच्या अंगाला. चौथी सगळ्यांत नवी: १७ डिसेंबर २०१० रोजी, ऐन हिवाळ्यात, महापालिकेने शहराच्या मध्यातल्या कोआस्तेई रस्त्यावरची ७६ कुटुंबं उठवली. त्यांतल्या चाळीस कुटुंबांना इथे एकेक खोली मिळाली, चार खोल्यांत मिळून एक न्हाणीघर. बाकीच्यांनी मिळेल त्या फळ्या-पत्र्यांतून आसरे उभे केले. या वस्तीपासून डेपो सुमारे ८०० मीटर, आणि रासायनिक कचऱ्याची जुनी जागा त्याहून जवळ.

लोकांच्याच हाती कॅमेरा देण्याची रीत जुनी आहे. १९९० च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वँग आणि मेरी ॲन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांबरोबर ती वापरली, तिथून ती जगभर गेली. तिच्यावर वाचायला भरपूर मिळेल. वस्तीतल्या लोकांनीच इथल्या प्रदूषणाचे फोटो काढायचे आणि ते प्रदर्शनात, तक्रारींत वापरायचे, असं आमचं काम होतं. इथे फक्त त्यात आमचं घोडं कुठे अडलं आणि ते कसं पुढे सरकलं, तेवढं लिहिते. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांबरोबर काही वर्षं काम केलं होतं, म्हणून भंगाराचं गणित थोडं कळतं. रोमानियन कामापुरतं येतं.

२ मार्च २०२४, शनिवार

पहिली बैठक वस्तीतल्या पेंटेकोस्टल (एक ख्रिस्ती पंथ) प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत. आठ जण: पाच बायका, दोन पुरुष, सतरा वर्षांचा एक मुलगा. फोटोंचा विषय निघायच्या आधीच तांतीने (इथे वयाने मोठ्या बाईला अशीच हाक मारतात) मला कात्रीत धरलं. कॅमेरा घेऊन येणाऱ्यांचा तुटवडा नाही, पत्रकार येतात, विद्यार्थी येतात, फोटो घेऊन जातात आणि ते फोटो पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाहीत. तुझं वेगळं काय?

मी घरून एक संमतीपत्र करून नेलं होतं, सगळ्या फोटोंना मिळून एकच सही. ते तिथेच बाद झालं. दोन तास बसून नवं केलं: प्रत्येक फोटोला वेगळा कागद, त्यावर तीन चौकोन. वस्तीत दाखवायला चालेल, शहरात दाखवायला चालेल, इंटरनेटवर चालेल. ज्याचा फोटो त्याची मालकी, माझ्याकडे फक्त प्रत, आणि कधीही मागे घ्यायची मुभा. कागद बरेच लागतात, पण असं काही करायचं असेल तर इथे कंजुषी करू नका. पुढचे निम्मे वाद या तीन चौकोनांनीच मिटवले.

मानधन बैठकीला ५० लेई. एक लेउ म्हणजे साधारण १८ रुपये. दुकानाची कूपनं द्यावीत असं मला वाटत होतं, पण बायकांनी सरळ रोख मागितली. रोखच दिली.

९ मार्च

वेळ बदलली. ३० नोव्हेंबर २०२३ पासून देशभर बाटल्या-डब्यांवर अनामत सुरू झाली आहे, नगाला ५० बानी म्हणजे अर्धा लेउ. त्यामुळे वेचणाऱ्यांची सकाळ आता बाटल्यांत जाते. यंत्र चेपलेली बाटली घेत नाही, त्यामुळे पोतं फुगतं आणि खेपा वाढतात. सकाळी दहाला कोण येणार? बैठक दुपारी चारला.

सहा वापरलेले फोन घेतले, सरासरी दीडशे लेईचा एक. दोघांकडे स्वतःचे होते. घेताना कॅमेरा उजेडात तपासला होता, खोलीच्या आत तपासलाच नव्हता. दोन फोन संध्याकाळनंतर फक्त दाणेदार काळोख टिपतात, आणि त्याच दोघांची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते. काही घरांत विजेचा भरवसा नाही, म्हणून वर पॉवर बँक. स्वस्त फोन घेताना विकणाऱ्याला एखाद्या अंधाऱ्या जिन्यात उभं करून फोटो काढायला लावावा.

१६ मार्च

पहिला हप्ता आला. पांढरेशुभ्र जाळीचे पडदे, वाढदिवसाचा केक, घासून लखलखीत केलेली भांडी, कचऱ्याच्या डोंगरामागे मावळणारा सूर्य. धूर नाही, काळं पाणी नाही, उंदीर नाही. मी छापून नेलेली प्रश्नावली (‘या फोटोत काय घडतंय, हे का घडतंय’) कुणी उलगडलीही नाही.

मी प्रदूषणाचे फोटो का नाहीत असं विचारलं. उत्तर सगळ्यांचं एकच आणि रोखठोक: ते तर तुम्ही लोक काढताच. आम्ही घाणीत राहतो हे शहराला तोंडपाठ आहे. आम्ही स्वच्छ राहतो हे ठाऊक नाही.

प्रश्नावली पिशवीत परत गेली. मग सहज विचारलं की हे पडदे कितीदा धुता. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, तांती म्हणाली, आणि कोआस्तेईला असताना महिन्यातून एकदा. त्या वाक्यावर पुढचे दोन महिने गेले.

२३ मार्च

घोळ. आठवडाभर सगळे जण मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत होते. आज लॅपटॉपवर उघडले तर एकाही फाइलीत मूळ वेळ नाही की जागा नाही. साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि आतली माहिती पुसून टाकतं. बघायला फोटो ठीक, तक्रारीला जोडायला कुचकामी. कुठला फोटो कधीचा हे आठवून आठवून वहीत लिहिण्यात अख्खी बैठक संपली. निम्म्यांवर एकमत झालं नाही, ते बाद.

आता मेमरी कार्ड बैठकीत आणायचं, माझ्या लॅपटॉपवर उतरवायचं, मूळ फाइलीला हात लावायचा नाही. घाई असेल तर व्हॉट्सॲपवरच, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून.

याला दुसरी बाजू आहे. फाइलीत जागा नोंदलेली असली की घरही सापडतं. घरातला धूर, ओल, एका खाटेवर झोपलेली मुलं असे फोटो बालसंरक्षणवाल्यांच्या हाती लागले तर मुलं उचलून नेतील, ही भीती इथल्या प्रत्येक आईच्या बोलण्यात येते. ती उगाच आहे असं मला म्हणवत नाही. ठरलं ते असं: घरात शिरलं की लोकेशन बंद, बाहेर चालू. मुलांचे चेहरे कुठेच नाहीत, आईने परवानगी दिली तरी नाहीत.

१ एप्रिल

काल पहाटे देशाची घड्याळं एक तास पुढे गेली. आमच्या सगळ्या फोनांची गेली नाहीत. चार फोन एक तास मागे. हाताने लावले. वापरलेले फोन वाटले असतील तर मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार कॅलेंडरवर मारून ठेवा.

६ एप्रिल

पडद्यांचा प्रयोग फसला. कल्पना सोपी होती: पडदा धुतल्या दिवशी एक फोटो, पाच दिवसांनी दुसरा, दोन्ही शेजारी ठेवले की काजळी दिसेल. दिसली नाही. डोळ्यांना पडदा स्पष्ट करडा दिसतो आणि फोटोत दोन्ही सारखेच पांढरे. फोन स्वतःच्या शहाणपणाने उजेड सावरतो. समोर सगळं करडं असलं की उजेड कमी आहे असं धरून उजळवतो.

तांतीला हे अजिबात पटलं नाही. तिने पडदा काढून माझ्या हातात दिला. हाताला काळं लागलं, ते फोनला कसं दिसत नाही?

८ एप्रिल

आंतरराष्ट्रीय रोमा दिन. १९७१ मध्ये लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली तो दिवस. निळ्या-हिरव्या पट्ट्यांवर लाल चाक हा झेंडाही त्याच परिषदेतला. आपल्या झेंड्यातल्या चक्राशी त्याचं नातं सांगतात, त्यावरून आज माझी चांगलीच चौकशी झाली. काम शून्य, जेवण उत्तम.

१३ एप्रिल

पडद्यांवर उपाय सापडला, आणि तो मला सुचलेला नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईने पडद्याचा एक कोपरा उलटा दुमडून पिना मारल्या आणि तसाच खिडकीला लावला. झाकलेला भाग स्वच्छ राहतो, उघडा भाग मळतो. पाच दिवसांनी पिना काढल्या की एकाच फोटोत दोन्ही. फोनने कितीही उजळवलं तरी दोन्ही भाग एकदमच उजळतात, फरक राहतो. मी त्यात एवढीच भर घातली की शेजारी छपाईचा कोरा कागद धरायचा आणि फ्लॅश बंद ठेवायचा. फ्लॅशने जाळीच्या कापडावर नुसता चकाकता डाग येतो.

मग शंका निघाली, आणि ती वस्तीतल्याच एका पुरुषाने काढली: घरात लाकडाची शेगडी आहे, काजळी तिचीच म्हणतील. बरोबर होतं. म्हणून एकाच ताग्यातलं पांढरं सुती कापड आणलं, सारखे चौकोन कापले, अर्धा भाग प्लास्टिकने झाकला आणि घराबाहेर टांगले: काही डेपोच्या बाजूला, काही उलट बाजूला, आणि एक शहरात माझ्या गॅलरीत, जिच्याखालून दिवसभर बस जातात. कापड ६० लेई.

२० एप्रिल

आजची बैठक अवघड गेली. सतरा वर्षांच्या मुलाने आणलेला फोटो आतापर्यंतचा सगळ्यांत देखणा: संध्याकाळ, केबल जळतेय, नारिंगी ज्वाळा, काळा लोट, मागे कचऱ्याचा डोंगर, आणि वाकलेला एक माणूस. चेहरा दिसत नाही, पण जाकीट वस्तीत सगळ्यांना माहीत.

केबल जाळतात कारण भंगारवाला उघड्या तांब्याला जो भाव देतो तो आवरणासकट केबलला देत नाही. इतकं साधं आहे. पण हा फोटो शहरात लागला की मथळा तयार आहे: हवा हेच खराब करतात. कित्येक वर्षांचा डेपो, त्यातून झापोदिए ओढ्याकडे झिरपणारं काळं पाणी, हे सगळं त्या एका ज्वाळेमागे झाकलं जाईल. दुसरी बाजूही तितक्याच जोरात मांडली गेली. तो धूर खरा आहे, शेजारच्या बाळाच्या छातीत तो जातो, मग आपण लपवायचं का?

मत घेतलं. फोटो मुलाकडे राहील, वस्तीत दाखवायचा, बाहेर नाही. पोरगं उठून गेलं. माझं मत विचारलं असतं तर मी दाखवा म्हटलं असतं, शेजारी भंगाराच्या भावांचा तक्ता लावून. विचारलं नाही, ते बरंच झालं. जाकीट माझं नव्हतं.

२२ एप्रिल

माहितीचा अर्ज टाकला. आपल्या माहिती अधिकारासारखा इथे २००१ चा ५४४ क्रमांकाचा कायदा आहे. उत्तराची मुदत दहा दिवस, काम गुंतागुंतीचं असेल तर तीस. मागितलं तीनच गोष्टींचं: हवा मोजणारं सर्वांत जवळचं केंद्र कुठे, डेपोवर आगी लागल्याच्या नोंदी, आणि तपासणीचे अहवाल. फोटो एकही जोडला नाही. पहिल्याच पत्राला फोटो जोडले की उत्तर फोटोंवर येतं, प्रश्न बाजूला राहतात.

५ मे

ऑर्थोडॉक्स ईस्टर. सुट्टी. कापडांवर पाऊस पडला, त्या आठवड्याचे सगळे चौकोन बाद.

११ मे

मुलगा परत आला, आणि त्याने कॅमेरा फिरवला होता. रात्री शहरातून व्हॅन येतात आणि वस्तीच्या वाटेवर राडारोडा टाकून जातात: फोडलेल्या फरशा, जुन्या खिडक्या, न्हाणीघराचे तुकडे. कुणाच्या तरी फ्लॅटच्या नूतनीकरणाचा उरलासुरला माल. त्याने त्या ढिगाऱ्यांचे फोटो काढले होते, आणि एका खोक्यावर घरपोच मालाचं लेबल जसंच्या तसं होतं.

सगळे उठून उभे राहिले. आता पत्ता त्यांचा निघाला होता.

पण रात्री व्हॅनसमोर फोन धरून उभं राहणं म्हणजे मार खाण्याची तयारी. म्हणून नियम: रात्री कुणी जायचं नाही, सकाळी दोघांनी मिळून जायचं. लेबलावरचं नाव प्रदर्शनात झाकायचं, तक्रारीत उघडं ठेवायचं. ज्याच्या घरचा कचरा आहे त्याने कदाचित पैसे भरून माणूस लावला असेल, टाकणारा वेगळा असेल. ते शोधणं कार्यालयाचं काम.

१८ मे

राडारोड्याच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर आलं. कुठल्या कार्यालयाचं ते लिहीत नाही. छायाचित्रांवरून स्थळ निश्चित होत नाही, एवढाच मजकूर. फाइलीत अक्षांश-रेखांश होते, पण तक्रार कागदावर दिली होती आणि कागदावर अक्षांश-रेखांश उमटत नाहीत.

वस्तीतल्या एकाने विजेचे खांब दाखवले. प्रत्येक खांबावर क्रमांकाची पट्टी आहे. आता प्रत्येक ढिगाऱ्याचे तीन फोटो: लांबून, ज्यात खांब आणि ढीग दोन्ही येतील, खांबाची पट्टी, आणि जवळून माल. खाली तारीख आणि खांबाचा क्रमांक छापलेला. त्याच ढिगाऱ्यांची तक्रार पुन्हा दिली आणि नोंदणी क्रमांक मिळाला. इतके दिवस आम्ही वाटेवरच्या त्या खांबांनाच टेकून गप्पा मारत होतो.

अर्जाचंही उत्तर आलंय. तपासणी अहवालांची यादी मिळाली, अहवाल नाहीत. त्यासाठी दुसरा अर्ज करायचा आहे.

२५ मे

९ जूनला स्थानिक निवडणूक, युरोपीय संसदेचीही त्याच दिवशी. प्रदर्शनाची कुणकुण लागताच फोन सुरू झाले: आमच्या सभेत लावा, आम्ही छपाईचा खर्च देतो. तांतीचं म्हणणं, लावा, आत्ता ऐकतील, दहा तारखेला ओळखणार नाहीत. इतरांचं म्हणणं, एकाच्या सभेत लावले की बाकी सगळे आपले वैरी, आणि २०१० ची आठवण सगळ्यांनाच आहे. बरीच ओढाताण झाली. शेवटी वस्तीत आज लावायचं, शहरात निवडणुकीनंतर.

वस्तीतलं प्रदर्शन दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी. केबलचा फोटोही लागला. जाकीटवाला स्वतः आला, फोटोसमोर उभा राहिला, आणि मुलाकडून त्याची एक प्रत मागून घेऊन गेला.

२२ जून

शहरातलं प्रदर्शन, एका छोट्या सांस्कृतिक केंद्रात. ए-३ आकाराचे छापील फोटो सनबोर्डवर, नगाला २५ लेई. फ्लेक्स स्वस्त पडला असता, पण त्याच्यावर दिव्याचं प्रतिबिंब येतं आणि पडद्यांवरची करडी छटा पूर्ण मरते. नमुना छापून पाहिला होता म्हणून वाचलो.

नावं द्यायची की नाही हा प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत लोंबकळला. मी सुरक्षितता म्हणून सगळ्यांना निनावी धरून चालले होते. सहा जणांना स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत हवं होतं. दोघींना नको, दोघी शहरात नोकरी करतात आणि राहण्याचा पत्ता कामावर सांगितलेला नाही. प्रत्येकीच्या म्हणण्याप्रमाणे केलं.

लोक सर्वांत जास्त थांबले सूर्यास्ताच्या फोटोसमोर. किती सुंदर, असं म्हणून पुढे. मग आमच्यातल्या एकीने तो काढून कापडाचे चौकोनच तिथे टांगले: डेपोच्या बाजूचा, उलट बाजूचा आणि माझ्या गॅलरीतला, तिन्ही शेजारी शेजारी. तिथे लोक बोट लावून पाहू लागले. गॅलरीतला चौकोनही मळलेला होता. त्यावरून एका गृहस्थांनी हवा तर सगळीकडेच खराब आहे असा मुद्दा मांडला. तांतीने त्यांचं बोट धरून पहिल्या कापडावर ठेवलं.

एका पाहुणीने विचारलं की यात मायक्रोग्रॅम किती. कापड मायक्रोग्रॅम सांगत नाही, आणि काजळी कशाची हेही सांगत नाही. ते कार्यालयाने मोजावं म्हणून तर पत्रं चालू आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ६८ कचराडेपो वेळेत बंद न केल्याबद्दल रोमानियाला दोषी ठरवलं, तो कागद आम्ही प्रवेशापाशी लावला होता. वाचला फार थोड्यांनी.

६ जुलै

हिशेब. सर्वांत मोठा खर्च मानधनाचा, त्याखालोखाल फोन, मग छपाई. ज्या दोन फोनांनी मार्चमध्ये त्रास दिला तेवढे पैसे वाया. पुन्हा करायचं झालं तर फोन चारच घेईन आणि उरलेल्या पैशांत छपाई वाढवीन.

काय झालं? खांबाच्या क्रमांकासह दिलेल्या तक्रारींपैकी एका जागचा राडारोडा उचलला गेला. पंधरवड्यात तिथेच नवा पडला, त्याचेही तीन फोटो काढून झाले. तपासणी अहवालांपैकी दोन मिळाले, त्यांचं वाचन शिवणकामवाल्या बाईचा थोरला मुलगा करतो आहे, त्याचं रोमानियन माझ्यापेक्षा कितीतरी बरं. डेपो जिथे होता तिथेच आहे आणि घरांचा प्रश्नही.

सहा फोन वस्तीतच ठेवले. हार्ड डिस्कच्या दोन प्रती, एक तांतीकडे, एक प्रार्थनाघराच्या कपाटात. माझी प्रत कुणाला दाखवायची असेल तर आधी कागदावरचे तीन चौकोन बघावे लागतात. राडारोड्याचे फोटो आता मुलगा आणि दोन बायका आठवड्यातून दोनदा काढतात, मी फक्त छापून देते. दुसऱ्या अर्जाची तीस दिवसांची मुदत १९ जुलैला संपते. त्या दिवशी उत्तर नसेल तर प्रशासकीय तक्रारीचा मसुदा तयार आहे, सही तांतीची.